अणुभट्टीचा सर्वात तीव्र कचरा सांभाळतात कसा: टाकी, काच, व्हॉल्ट आणि मग खडक

तारापूर असो नाहीतर जैतापूर, अणुऊर्जेचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला, "ते सगळं ठीक आहे, पण कचऱ्याचं काय करता?" आणि उत्तरं पण ठरलेली, एक जण म्हणतो समुद्रात सोडून देतात, दुसरा म्हणतो छे, काही प्रॉब्लेमच नाही. दोन्ही चूक आहेत. म्हणून इथे पूर्ण प्रोसेस क्रमाने लिहितोय, कुठल्या टप्प्यावर काय करायचं, का करायचं आणि नाही केलं तर काय होतं. केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलांना, बीएआरसीच्या (भाभा अणु संशोधन केंद्र) इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्यांना आणि प्लांटच्या आसपास राहणाऱ्यांना, तिघांनाही उपयोग व्हावा अशा बेताने.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या कचऱ्याचे शत्रू दोन आहेत. पहिली दोन-तीनशे वर्षं उष्णता आणि त्यानंतरची हजारो वर्षं पाणी. किरणोत्सार तर आहेच, पण तो भिंतीने अडवता येतो. भिंतीच्या आतला माल बाहेर काढायची ताकद या दोघांत आहे. पुढचा प्रत्येक टप्पा या दोघांपैकी कुणाला तरी रोखण्यासाठी आहे, हे लक्षात ठेवलंत तर पाठांतराची गरज पडत नाही.

आधी कुठला कचरा ते ठरवा

प्लांटमधले हातमोजे, पुसायचे कपडे, फिल्टर, पाण्यातले रेझिन हा सगळा पण किरणोत्सारी कचराच, पण तो कमी किंवा मध्यम तीव्रतेचा. त्याला कॉम्पॅक्ट करतात, जाळतात, सिमेंटमध्ये बसवतात आणि जमिनीलगतच्या काँक्रीटच्या खंदकांत ठेवतात. आपला विषय तो नाही. आपला विषय म्हणजे उच्च पातळीचा कचरा, जो जगभराच्या एकूण किरणोत्सारी कचऱ्यात आकारमानाने साधारण ३ टक्के असतो पण एकूण किरणोत्सारापैकी सुमारे ९५ टक्के त्याच्यात असतो. हा येतो कुठून तर वापरून झालेल्या इंधनातून, म्हणजे स्पेंट फ्युएल. नेहमीच्या हलक्या पाण्याच्या भट्टीच्या स्पेंट फ्युएलमध्ये साधारण ९५-९६ टक्के युरेनियमच उरलेलं असतं, १ टक्क्याच्या आसपास प्लुटोनियम आणि ३-४ टक्के विखंडनातून, म्हणजे अणू फुटून, तयार झालेली मूलद्रव्यं. सीझियम, स्ट्रॉन्शियम, रुथेनियम, टेक्नेशियम अशी मोठी जत्रा असते. शिवाय थोडे अमेरिसियम, नेप्च्युनियमसारखे जड अणू.

इथे देशांचे दोन रस्ते होतात. फिनलंड, स्वीडन, अमेरिका स्पेंट फ्युएललाच कचरा मानतात, ते तसंच पॅक करून पुरायचं. भारत, फ्रान्स, रशिया रिप्रोसेसिंग करतात, म्हणजे इंधन नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून युरेनियम-प्लुटोनियम परत काढून घेतात आणि जो ॲसिडवाला रस्सा उरतो तो उच्च पातळीचा द्रव कचरा. आपल्याकडे ट्रॉम्बेला हे काम १९६४ पासून आहे, मग तारापूर आणि कल्पक्कमला प्लांट आले. मी पुढे भारताचाच रस्ता धरून सांगतो.

घाई करायची नाही

भट्टी बंद केल्या क्षणी विखंडन थांबतं पण उष्णता थांबत नाही. बंद झाल्याबरोबर मूळ औष्णिक क्षमतेच्या ६-७ टक्के उष्णता निघत असते, दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, आणि मग हळूहळू, वर्षानुवर्षं उतरत राहते. म्हणून इंधन बाहेर काढलं की सरळ पाण्याच्या तलावात, त्याच्यावर काही मीटर पाणी. पाणी गार पण करतं आणि किरणं पण अडवतं. काही वर्षं ते तिथेच राहू द्यायचं, आयोडीन-१३१ सारखे कमी आयुष्याचे अणू (अर्धायुष्य, म्हणजे अर्धे अणू संपायला लागणारा वेळ, ८ दिवस) आपोआप संपून जातात, आणि पुढे रिप्रोसेसिंग करणाऱ्यांचं काम बरंच सोपं होतं. न्यायला निघालात तर कास्क, म्हणजे वाहतुकीचं जाड भांडं, वापरायचा, आणि तो साधा डबा नसतो, त्याच्या डिझाइनला ९ मीटरवरून कडक पृष्ठभागावर आपटणं, १ मीटरवरून लोखंडी खुंटावर पाडणं आणि ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास ठेवणं अशा परीक्षा पास व्हाव्या लागतात.

टाकीतला काळ, सगळ्यात जास्त लक्ष इथे

माझं स्पष्ट मत, सगळ्या साखळीत सगळ्यात नाजूक अवस्था ही आहे. काचेत गेलेला कचरा पळत नाही, पण द्रव पळतो, उकळतो, गळतो. त्यामुळे द्रव साठवायचा कसा हे नीट समजून घ्या.

टाकी स्टेनलेस स्टीलची, जमिनीखाली, आणि ती स्टीलचं अस्तर असलेल्या काँक्रीटच्या व्हॉल्टमध्ये बसवलेली, म्हणजे टाकी गळली तरी माल व्हॉल्टमध्येच राहील आणि तळाशी ठेवलेला गळतीचा अलार्म वाजेल. टाकीच्या आत थंड पाण्याच्या कॉइल, आणि एक नाही तर जास्तीच्या, कारण एक बंद पडली तरी काम चालू राहिलं पाहिजे. कॉइलमधलं पाणी बंद चक्रात फिरवायचं आणि त्याचा किरणोत्सार सतत मोजायचा, म्हणजे कॉइलला भोक पडलं तरी किरणोत्सारी पाणी थेट बाहेर जाणार नाही. हवा सोडून द्रव ढवळत ठेवायचा, नाहीतर गाळ तळाशी बसतो आणि तिथे स्थानिक उष्णता वाढते. वर हवेचा झोत चालू ठेवायचा कारण किरणांमुळे पाणी फुटून हायड्रोजन तयार होत राहतो, तो हवेत ४ टक्क्यांवर गेला की पेटू शकतो, म्हणून त्याला त्याच्या कितीतरी खाली ठेवायचं. आणि एक टाकी कायम रिकामी. पैशाची उधळपट्टी वाटते पण नाही, भरलेल्या टाकीला काही झालं तर माल न्यायचा कुठे याचं उत्तर आधीच तयार असलं पाहिजे.

हे सगळं नाही केलं तर काय होतं याचं उदाहरण पुस्तकी नाही. २९ सप्टेंबर १९५७, सोव्हिएत युनियनमधलं मायाक. एका टाकीची कूलिंग बिघडली, ती वेळेवर दुरुस्त झाली नाही, द्रव तापून आटला, खाली राहिलेले नायट्रेट आणि ॲसिटेटचे कोरडे क्षार तापत गेले आणि फुटले. १६० टनांचं काँक्रीटचं झाकण उडालं. सुमारे २ कोटी क्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) किरणोत्सार बाहेर पडला, आजूबाजूची गावं रिकामी करावी लागली आणि जगाला याचा पत्ता कित्येक वर्षं लागला नाही. म्हणजे अणुभट्टी फुटली नाही, बॉम्ब फुटला नाही, नुसती न थंडावलेली टाकी. मला वाटतं कूलिंगच्या पंपाजवळ बसणाऱ्या प्रत्येकाला ही तारीख पाठ असावी.

दुसरा धडा हॅनफर्डचा. अमेरिकेने युद्धाच्या घाईत प्लुटोनियम बनवलं, आणि स्टेनलेस स्टील महाग म्हणून टाक्या साध्या कार्बन स्टीलच्या केल्या. साध्या स्टीलला ॲसिड चालत नाही, मग कॉस्टिक सोडा ओतून कचरा अल्कली केला, त्यामुळे आकारमान वाढलं, गाळ बसला, क्षारांचे दगड झाले. १७७ टाक्या आणि सुमारे २१ कोटी लिटर माल, त्यातल्या बऱ्याच गळल्या, आणि तो उपसायचं काम अजून चालू आहे. घ्यायचा धडा असा की कचरा ॲसिडमध्येच ठेवायचा, भांडं त्याला पुरेल असं घ्यायचं, सुरुवातीला वाचवलेला पैसा नंतर शेकडो पटीने जातो.

द्रव आटवून कमी करताना अजून एक सांभाळायचं. रिप्रोसेसिंगमध्ये ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाचं सॉल्व्हंट वापरतात, त्याचे अंश ॲसिडबरोबर इव्हॅपोरेटरमध्ये गेले आणि तापमान १३५ अंशांच्या आसपास गेलं तर लालसर तेलकट पदार्थ तयार होऊन स्फोट होऊ शकतो, ऑपरेटर लोक त्याला 'रेड ऑइल' म्हणतात. एप्रिल १९९३ मध्ये रशियात तोम्स्कजवळच्या प्लांटमध्ये सॉल्व्हंट आणि ॲसिडच्या अशाच रिॲक्शनमुळे टाकी फुटली होती. म्हणून आधी सॉल्व्हंट वेगळं करून घ्यायचं आणि गरम करायच्या वाफेचं तापमानच मर्यादेत ठेवायचं, म्हणजे ऑपरेटरचं लक्ष चुकलं तरी हद्द ओलांडली जात नाही.

काचेत बांधणं

आता मुख्य काम, व्हिट्रिफिकेशन. द्रव कचरा बोरोसिलिकेट, म्हणजे बोरॉन घातलेल्या, काचेत मिसळून घट्ट करायचा. एक गैरसमज आधी काढून टाका, गुळाच्या चिक्कीत दाणे अडकलेले असतात तसा कचरा काचेत अडकलेला नसतो, वितळलेल्या काचेत त्याचे ऑक्साइड विरघळतात आणि गार झाल्यावर ते अणू काचेच्या जाळीचाच भाग होतात. त्यामुळे काच तडकली तरी आत कोरडी पावडर बाहेर सांडायला बसलेली नसते, पाण्याला अणू बाहेर काढायचा तर काचच विरघळवावी लागते, आणि ते फार हळू होतं. ज्वालामुखीतून निघालेली नैसर्गिक काच लाखो वर्षं टिकलेली सापडते, हा त्यातला भरवशाचा भाग.

बोरॉनच का तर काच कमी तापमानाला वितळते, आणि तापमान जितकं कमी तितका सीझियम कमी उडतो. सिरॅमिक अजून टिकाऊ असतात पण त्यांना ठराविक अणूच आवडतात, काच मात्र चाळीसएक मूलद्रव्यांची खिचडी एकदम घेते. एकूण वजनात कचऱ्याचे ऑक्साइड साधारण पाचवा हिस्सा असतात, कमी-जास्त कचऱ्याच्या केमिस्ट्रीवर.

काम चालतं हॉट सेलमध्ये. दीड मीटरच्या आसपास जाड काँक्रीटच्या भिंती, बघायला शिशाच्या काचेची पिवळसर खिडकी, आणि बाहेरून चालवायचे यांत्रिक हात. आत माणूस जात नाही, म्हणजे आत जे काही बसवाल ते दुरून खोलता-जोडता आलंच पाहिजे, नट-बोल्टपासून सगळं. डिझाइन करणारी मुलं इथेच चुकतात, मशीन चालेल का एवढंच बघतात, बिघडल्यावर काढणार कोण हे विचारत नाहीत.

इंडक्शनने तापवायच्या भांड्याची पद्धत अशी: इन्कोनेलसारख्या मिश्रधातूच्या भांड्यात द्रव कचरा आणि काचेचं साहित्य सोडायचं, आधी पाणी उडतं, मग नायट्रेट फुटून ऑक्साइड होतात, मग ९५०-१००० अंशांच्या आसपास सगळं वितळून एकजीव होतं. काही तास त्या तापमानाला राहू द्यायचं, घाई केली तर मिश्रण एकसारखं होत नाही. मग खालच्या नळीतून ओतायचं, आणि ही नळी मला फार आवडते कारण तिच्यात फिरणारा व्हॉल्व्हच नाही. नळीत काच गोठलेली असते तेच बूच, नळी तापवली की बूच वितळतं आणि काच वाहते, तापवणं बंद केलं की परत गोठते. अशा ठिकाणी हलणारा पार्ट जितका कमी तितकं बरं.

तारापूरला हे ८० च्या दशकात सुरू झालं, पुढे तिथेच ज्युल-हीटेड सिरॅमिक मेल्टर आला. त्यात वितळलेल्या काचेतूनच इलेक्ट्रोडने करंट पाठवतात आणि काच स्वतःच तापते. फायदा असा की भांडं मोठं घेता येतं, काम सलग चालतं आणि वर न वितळलेल्या मालाचा थर राहिल्याने रुथेनियम आणि सीझियम कमी उडतात. तोटा असा की रुथेनियम, पॅलेडियमसारखे धातू विरघळत नाहीत, तळाशी बसतात आणि करंटला आडवाट देतात, म्हणून तळ उतरता ठेवावा लागतो.

आता केमिस्ट्रीतली सर्वात महत्त्वाची चूक, जी टाळायचीच. कचऱ्यात सल्फेट किंवा मोलिब्डेनम जास्त असेल तर काच ते सगळं पचवत नाही, वर पिवळट थर वेगळा तरंगतो आणि तो थर पाण्यात विरघळणारा असतो, वर सीझियमला पण स्वतःत ओढून घेतो. म्हणजे आपण ज्या पाण्यासाठी एवढं करतोय त्याच्याच हातात माल दिला. ट्रॉम्बेच्या जुन्या कचऱ्यात सल्फेट होतं, तिथल्या लोकांनी बेरियम असलेली बोरोसिलिकेट काच वापरून तो प्रश्न सोडवला. म्हणून रेसिपी दुसऱ्या देशाची उचलून चालत नाही, आपल्या टाकीत काय आहे त्याचं विश्लेषण आधी, मग लॅबमध्ये किरणोत्सारी नसलेला नकली कचरा बनवून ट्रायल, आणि मगच खरा माल.

वर उडणारा वायू असाच चिमणीला सोडायचा नाही. कंडेन्सर, स्क्रबर, थेंब अडवणारी जाळी, आणि शेवटी हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा. हे फिल्टर पण पुढे कचराच होतात, ते हिशोबात धरा.

काच स्टेनलेस स्टीलच्या कॅनिस्टरमध्ये ओतली की हळूहळू गार करायची, मग झाकण वेल्ड, वेल्डची तपासणी, बाहेरचा पृष्ठभाग धुवून पुसणीने किरणोत्सार चिकटलाय का बघायचं. आकाराची कल्पना हवी तर फ्रान्सच्या ला हागचा कॅनिस्टर सांगतो, उंची १.३ मीटरच्या आसपास, आत सुमारे ४०० किलो काच. ताज्या कॅनिस्टरजवळ आडोशाशिवाय माणूस काही मिनिटं जरी उभा राहिला तर जीव जाईल इतकी तीव्रता. त्यामुळेच सगळं दुरून.

व्हॉल्टमध्ये दशकं

कॅनिस्टर लगेच पुरायचे नाहीत, कारण अजून गरम आहेत. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं, स्ट्रॉन्शियम-९० चं २९ च्या आसपास, या दशकांतली बहुतेक उष्णता या दोघांचीच. गरम माल खडकात ठेवला तर भोवतालची चिकणमाती सुकते, खडकाला ताण येतो. आणि काच स्वतःच ५०० अंशांच्या वर राहिली तर तिच्यात स्फटिक धरायला लागतात आणि तिची पकड कमी होते. म्हणून तारापूरला वेगळी साठवण आहे, तीन कॅनिस्टर एका मोठ्या डब्यात वेल्ड करून बंद करायचे आणि ते हवेवर थंड होणाऱ्या काँक्रीटच्या व्हॉल्टमध्ये उभे ठेवायचे. कॅनिस्टरच्या उष्णतेने हवा तापून चिमणीने वर जाते आणि खालून थंड हवा आत ओढली जाते. पंखा नाही, त्यामुळे लाइट गेली तरी कूलिंग चालूच. मायाकच्या टाकीनंतर याचं मोल कळतं. तीसेक वर्षं किंवा जास्त असंच ठेवायचं, हवेचं तापमान आणि किरणोत्सार मोजत राहायचं. समुद्रकिनारी असाल तर खाऱ्या हवेतल्या क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला वेल्डजवळ तडे जाऊ शकतात, त्या तपासणीत आळस चालणार नाही.

टाकण्याआधी काय काढून घेता येतं

इथे बीएआरसीने केलेलं एक काम मला मनापासून अभिमानाचं वाटतं. द्रव कचऱ्यातून सीझियम-१३७ वेगळा काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली बनवतात आणि त्या रक्तपेढ्यांतल्या ब्लड इरॅडिएटरमध्ये वापरतात, ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे अशा पेशंटना द्यायचं रक्त त्यावर प्रोसेस होतं. काचच का? १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोइयानियात भंगारवाल्यांनी जुन्या रेडिओथेरपी मशीनचा सोर्स फोडला, आत सीझियम क्लोराइडची पावडर होती, पाण्यात सहज विरघळणारी, हाताला चिकटणारी, चार जण गेले. काचेची पेन्सिल तशी पसरत नाही. याच कचऱ्यातून रुथेनियम-१०६ काढून डोळ्याच्या कॅन्सरवर लावायच्या छोट्या चकत्या पण बनतात. अमेरिसियमसारखे लांब आयुष्याचे अणू वेगळे काढायचं काम पण तारापूरला झालंय, ते पूर्ण जमलं तर पुरायच्या मालाची काळजी खूप कमी वर्षांची होते.

शेवटी खडक

सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ३०० वर्षांत हजारात एक भाग उरतात. पण प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं, टेक्नेशियम-९९ चं २ लाखांच्या वर, म्हणजे कुठलीही इमारत, कुठलंही सरकार पुरं पडत नाही. समुद्रात टाकणं १९७२ च्या लंडन करारापासून या कचऱ्याला बंद, अंटार्क्टिकात १९५९ च्या करारानेच बंद. उरतो खोल, जुना, शांत खडक, जिथे पाणी जवळजवळ हलत नाही.

फिनलंडने ओल्किलुओटोला ओन्कालो नावाची जागा सुमारे ४३० मीटर खोल खोदली आहे, २०२४ मध्ये तिथे खऱ्या इंधनाशिवाय ट्रायल रन पण सुरू झाली. पद्धत अशी: बिडाच्या आत स्पेंट फ्युएल, त्यावर ५ सेंटिमीटर जाड तांबं, भोवती बेंटोनाइट माती, मग खडक. बेंटोनाइट ओली झाली की फुगते आणि फटी स्वतःच बुजवते, पाणी आलंच तरी वाहत नाही, फक्त इंच-इंच झिरपतं, आणि बरेच अणू तिला चिकटून राहतात. काच, डबा, माती, खडक, प्रत्येक थर बनवताना बाकीचे थर फसू शकतात असं गृहीत धरायचं, हा इथला नियम.

साहित्याची यादी पण जपून. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात खोदलेल्या साठवणीत फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप फुटलं, कारण पॅक करताना नायट्रेट क्षारांमध्ये खनिज शोषक घालायचा तो सोडून सेंद्रिय शोषक घातला गेला होता. तो कचरा उच्च पातळीचा पण नव्हता, तरी ती जागा जवळपास तीन वर्षं बंद राहिली.

भारतात कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या वापरात नसलेल्या भागात, सुमारे १००० मीटर खोल, ८० च्या दशकात हीटर ठेवून तापलेला खडक कसा वागतो याचे प्रयोग बीएआरसीने केले. त्यानंतर अधिकृत भूमिका अशी आहे की रिप्रोसेसिंगमुळे काचेचा साठा फार कमी होतो, खोल रिपॉझिटरीची, म्हणजे खडकातल्या कायमच्या साठवणीची, नजीकच्या काळात गरज नाही. साठा कमी आहे हे खरंच आहे. पण मला हे पुरेसं वाटत नाही, कारण फिनलंडला जागा शोधायला सुरुवात केल्यापासून ट्रायलपर्यंत चाळीस वर्षं लागली, आणि खडकाचा अभ्यास पैसे ओतून लवकर होत नाही. जागा शोधायचं आणि तिथल्या लोकांशी बोलायचं काम आता सुरू व्हायला हवं, व्हॉल्ट भरत आल्यावर नाही.

जनसुनावणीला जाणाऱ्यांसाठी

जैतापूरला १७३० मेगावॅटच्या ६ भट्ट्यांचा प्रस्ताव आहे. तिथे किंवा कुठेही बोलायची वेळ आली तर "हे सुरक्षित आहे का" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो" एवढंच मिळतं. असं विचारा. तलावात स्पेंट फ्युएल किती वर्षांचा मावतो आणि भरल्यावर कुठे जाणार? रिप्रोसेसिंग कुठे, तिथपर्यंत नेणार कसं? तिथे द्रव कचरा टाकीत जास्तीत जास्त किती काळ थांबतो, आणि रिकामी राखीव टाकी आहे का? व्हॉल्टचं डिझाइन आयुष्य किती, आणि त्यानंतरच्या खर्चाची तरतूद कुठल्या फंडात? प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, ती मासे, दूध, पाणी, माती तपासते, तिचे आकडे मागा, आणि भट्टी सुरू व्हायच्या आधीचे पण मागा, कारण तुलना करायला तेच लागतात. लोकांसाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारी किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) आहे, आकडे त्याच्याशी ताडून बघा. उत्तरं लेखी घ्या, तारखेसकट.